स्कॉटलंडच्या 'ब्लॅक डग्लस' घराण्याची सत्ता कशामुळे संपली?

राजाला भारी पडेल एवढी ताकद झाली, म्हणून खुद्द राजा दुसऱ्या जेम्सनेच ती मोडून काढली. घराण्याचा प्रमुख, आठवा अर्ल (मोठा सरदार) विल्यम डग्लस याने क्रॉफर्ड आणि रॉसच्या अर्लांशी परस्पर मदतीचा करार केला होता. फेब्रुवारी १४५२ मध्ये अभय देऊन राजाने त्याला स्टर्लिंगच्या किल्ल्यात बोलावलं. विल्यमने करार मोडायला नकार दिला, तेव्हा राजाने स्वतःच सुरा चालवला, मग दरबारी तुटून पडले. समकालीन ऑकिनलेक बखरीत २६ जखमांची नोंद आहे. दिलेल्या अभयाचा हा उघड विश्वासघात होता. मे १४५५ मध्ये विल्यमचे भाऊ आर्किनहोमच्या लढाईत राजाच्या बाजूकडून हरले आणि संसदेने जहागिरी जप्त केल्या. मात्र सगळे डग्लस बुडाले नाहीत. याच घराण्याची दुसरी शाखा, अँगसचे 'रेड डग्लस', राजाच्याच बाजूने होते, त्यांचं वजन उलट वाढलं.