तडजोडीच्या स्टॅम्पपेपरवर सही करण्याआधी

तुमच्या बहिणीबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेहुण्यांचं वय ३४, बार्शीत गॅरेजमध्ये कामाला, पगार महिना २०,००० आणि तोही बराचसा रोख. दोन महिन्यांपूर्वी इंदापूरजवळ हायवेवर टेम्पोने त्यांच्या मोटारसायकलला मागून ठोकलं आणि ते जागेवरच गेले. मागे बहीण, दोन लहान मुलं आणि सासू. आता टेम्पोमालक तीन लाख घेऊन दारात येतोय, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर सही मागतोय, आणि दीर म्हणतात, "घेऊन टाका, कोर्टात चपला झिजतात." सही करावी का, आणि नाही केली तर पुढे काय?

मी विमा कंपनीच्या मोटार दावे विभागातून निवृत्त झालो. म्हणजे तुमची बहीण ज्यांच्याविरुद्ध दावा लावेल, त्यांच्या बाजूने मी आयुष्यभर फायली वाचल्या. त्यामुळे दावा कुठे घसरतो ते मला नीट ठाऊक आहे. वकील नाही, हे आधीच सांगतो.

सही अजिबात करू नका. असले कागद मी भरपूर पाहिलेत. वरच्या दोन परिच्छेदांत "माणुसकीच्या नात्याने मदत" वगैरे असतं आणि खाली कुठेतरी हळूच एक ओळ असते: "सदर अपघात मयताच्या स्वतःच्या चुकीमुळे घडला असून आमची कोणाविरुद्धही तक्रार नाही." त्या कागदाचा खरा उपयोग त्या एका ओळीसाठी असतो. उद्या दाव्यात आमच्यासारखा कुणी तोच कागद पुढे करतो आणि उलटतपासणीत बाईंना विचारतो, "ही सही तुमचीच ना?" निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा (भारतीय न्याय संहितेचं कलम १०६) दोन पक्षांनी आपसात मिटवण्याजोगा नाही. त्यामुळे टेम्पोवाल्याची केस त्या स्टॅम्पपेपराने संपणार नाहीच. नुकसान होईल ते बहिणीचं.

दुसरा विचार करा. टेम्पोचा विमा चालू असेल तर मृत्यूची भरपाई विमा कंपनी देते, आणि थर्ड पार्टीच्या (म्हणजे गाडीबाहेरच्या, तिसऱ्या माणसाच्या) मृत्यूसाठी त्या रकमेला वरची मर्यादा नाही. मग मालक स्वतःच्या खिशातून तीन लाख का काढतोय? बहुतेक वेळा पॉलिसी संपलेली असते, नाहीतर चालकाच्या लायसन्सची भानगड असते. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका, विम्याची मुदत दिसेल. विमा नसेल तर जबाबदारी थेट मालकावर येते. अशा वेळी पोलिसांना आणि कोर्टाला लेखी अर्ज द्या की पुरेशी हमी घेतल्याशिवाय टेम्पो सुपूर्तनाम्यावर (म्हणजे मालकाच्या ताब्यात परत) सोडू नये. गाडी एकदा सुटली आणि विकली गेली की मालकाकडून वसुली म्हणजे नुसती पायपीट. लायसन्सचा घोळ असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही. अशा दाव्यांत न्यायालयं बहुधा विमा कंपनीला आधी वारसांना पैसे द्यायला लावतात आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतात. त्यातही चालकाकडे फक्त हलक्या वाहनाचं लायसन्स होतं एवढाच आक्षेप असेल, तर ७,५०० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीसाठी तो टिकत नाही. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे स्पष्ट केलंय.

आता मूळ गोष्ट, जी घरोघरी गोंधळ करते. फौजदारी केस वेगळी आणि भरपाईचा दावा वेगळा. फौजदारी केस सरकार चालवतं, तिथे चालकाला शिक्षा होईल किंवा तो सुटेल. दावा तुमची बहीण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावते, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली. "आधी केसचा निकाल लागू दे, मग दावा लावू" असं सांगणारे गावात चार जण भेटतील. त्यांचं ऐकू नका. चालक तिकडे निर्दोष सुटला तरी इकडे दावा मंजूर होऊ शकतो, कारण दाव्यात संशयातीत पुरावा लागत नाही, जास्त शक्यता कोणती ते पाहतात.

थांबायला वेळही नाही. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावायचा आहे. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने अंतरिम आदेश दिला की केवळ उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत. पण तो अंतरिम आहे, त्याच्या भरवशावर बसू नका. तुमच्याकडे अजून चार महिने आहेत. शिवाय व्याज साधारणपणे दावा दाखल झाल्यापासून धरतात, म्हणजे रेंगाळलात तर तेवढं व्याजही गेलं.

दावा कुठे लावायचा? अपघात पुणे जिल्ह्यात झाला म्हणून पुण्याच्या खेपा घालायची गरज नाही. अर्जदार जिथे राहतात तिथेही चालतो. बहीण बार्शीत असेल तर सोलापूर जिल्ह्यात, माहेरी राहायला आली असेल तर तुमच्या जिल्ह्यात.

कागदांकडे वळू. फिर्यादीची प्रत आधी हातात घ्या आणि स्वतः वाचा, हवालदाराने तोंडी सांगितलेलं धरू नका. मोटारसायकलस्वार गेला की काही वेळा गुन्हा मयतावरच नोंदवला जातो, कारण त्याची बाजू सांगायला कुणी उरलेलं नसतं. तसं झालं असेल तर आत्ताच पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या, प्रत्यक्षदर्शीचं नाव द्या, ढाब्याच्या किंवा टोलनाक्याच्या कॅमेऱ्याचं फुटेज जपून ठेवायला सांगा. फुटेज फार दिवस राहत नाही. त्यानंतर घटनास्थळाचा पंचनामा. यात मी पहिल्यांदा काय बघायचो सांगतो: गाड्या कुठल्या कडेला पडल्या होत्या, ब्रेकच्या खुणा कुणाच्या आणि किती लांब, आणि आरटीओच्या तपासणी अहवालात नुकसान कुठल्या बाजूला दाखवलंय. तुमच्या मेहुण्यांच्या गाडीचं मागचं मडगार्ड आणि टेललाइट चेपलंय आणि टेम्पोचं तोंड चेपलंय असं दोन्ही कागदांत जुळत असेल, तर "मोटारसायकलवाला अचानक आडवा आला" हा आमचा नेहमीचा बचाव उभाच राहत नाही. याखेरीज मरणोत्तर पंचनामा, पीएम रिपोर्ट, टेम्पोचं आरसी, पॉलिसी, चालकाचं लायसन्स आणि पुढे दोषारोपपत्र.

पोलिसांवरही आता वेळापत्रक आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणे अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत जायला हवा. तपासी अंमलदाराकडे याच शब्दांत चौकशी करा. समोरच्याला नियम माहीत आहे म्हटल्यावर फाईल जरा लवकर हलते, हा अनुभव आहे.

रक्कम किती? इथे लोक एकतर कोटीची स्वप्नं बघतात नाहीतर तीन लाखांत खूश होतात. हिशोबाची पद्धत सुप्रीम कोर्टाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत बांधून दिली आहे. पगार २०,००० सिद्ध झाला असं धरू. खासगी नोकरी आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: २८,०००. वर्षाचे ३,३६,०००. त्यांच्यावर अवलंबून चार माणसं, म्हणून त्यांच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा: २,५२,०००. वयानुसार ही वर्षाची रक्कम किती पट धरायची तो आकडा म्हणजे गुणक, वय ३१ ते ३५ साठी तो १६. झाले ४०,३२,०००. यात सहवासाच्या हानीपोटी पत्नी, दोन मुलं आणि आई यांना प्रत्येकी ४८,४००, आणि अंत्यविधी व मालमत्तेची हानी यांचे प्रत्येकी १८,१५० मिळवले की बेरीज ४२,६१,९०० होते. (२०१७ मध्ये हे आकडे ४०,००० आणि १५,००० होते, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ ठरलेली आहे.) व्याज वेगळं. आता ते तीन लाख याच्या शेजारी ठेवून बघा.

पण या सगळ्या इमारतीचा पाया तो २०,००० चा आकडा आहे आणि कंपनीचा वकील नेमका तिथेच खणतो. गॅरेजमालकाचं "हे आमच्याकडे कामाला होते" असं नव्या कोऱ्या लेटरहेडवरचं पत्र काही कामाचं नाही. मालक स्वतः साक्षीला यायला हवा आणि त्याच्याकडे हजेरी किंवा पगाराची वही हवी. वही नसेल तर बाकी खुणा गोळा करा: पासबुकात दरमहा भरलेली रोख, गाडीच्या कर्जाचे हप्ते, मुलांच्या फीच्या पावत्या, भिशी किंवा पतसंस्थेचं पुस्तक. काहीच नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपास अंदाज धरतं आणि रक्कम खाली येते. आकडा फुगवून मात्र सांगू नका. ३५,००० म्हणालात आणि उलटतपासणीत तो पडला, की खऱ्या वीस हजारांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. वयासाठी आधारवर विसंबू नका, शाळा सोडल्याचा दाखला काढा. आधार हा वयाचा पुरावा नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये म्हटलंय, आणि कधी एका वर्षाच्या फरकानेही गुणक बदलतो.

मध्येच विमा कंपनीकडून लवकर तडजोडीचा देकार येऊ शकतो. वरचा हिशोब मांडून मगच उत्तर द्या. विशेषतः कलम १६४ खालचे पाच लाख, जिथे चूक कुणाची हे सिद्धच करावं लागत नाही, ते स्वीकारले की १६६ चा दावा संपतो. तुमच्याकडे मागून धडक दिल्याचा पुरावा असताना ते घेणं मला पटत नाही. लोकअदालतीला माझा विरोध नाही, रक्कम हिशोबाच्या जवळ असेल तर वर्षं वाचतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, हे ध्यानात ठेवून हो म्हणा.

वकिलाबद्दल. शवागाराबाहेर किंवा दहाव्याला येऊन "एक रुपया देऊ नका, मिळतील त्याचे तीस टक्के" म्हणणारे एजंट तुम्हाला भेटले असतीलच. निकालावर अवलंबून टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत वकिलांना बंदी आहे. कोऱ्या वकीलपत्रावर किंवा कोऱ्या चेकवर सही नको. आणि हे फार कमी लोकांना ठाऊक असतं: स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, नाहीतर १५१०० वर फोन करा. मोफत म्हणजे कामचलाऊ, असं दरवेळी नसतं.

एक नाजूक गोष्ट, भाऊ म्हणून तुम्हालाच बघावी लागेल. दीर "मी सगळं बघतो" म्हणत असतील तर त्यांच्या हेतूवर संशय घ्यायचा नाही, पण मुखत्यारपत्र देऊ नका. अर्जदार बहीण, दोन्ही मुलं आणि सासू असे चौघं एकाच अर्जात असू देत. सासूचा हक्क खरा आहे, तिला वगळायला जाल तर दावा तिथेच अडकेल. बहिणीचं खातं तिच्या एकटीच्या नावावर आणि पासबुक तिच्याच ताब्यात. मुलांचा वाटा न्यायाधिकरण सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवतं, ते बरंच आहे. आणि उद्या तिने दुसरं लग्न केलं म्हणून भरपाईचा हक्क जात नाही, मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये विमा कंपनीचा असा आक्षेप फेटाळलेला आहे.

ज्यांची परिस्थिती वेगळी आहे त्यांच्यासाठी धावतं सांगतो. गाडी ठोकून पळाली आणि सापडलीच नाही तर दोन लाख मिळतात, अर्ज तहसीलदार किंवा प्रांताकडे. लोकलमधून पडून मृत्यू झाला तर रेल्वे दावा न्यायाधिकरण, आठ लाख, मुदत एक वर्ष. तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा जात नाही, मात्र रूळ ओलांडताना झालेला मृत्यू यात बसत नाही. कामावर असताना मृत्यू आला तर कर्मचारी भरपाई कायदा, मुदत दोन वर्षं. तो मृत्यू वाहन अपघातातला असेल तर दोन्हींपैकी एकच रस्ता निवडायचा. दवाखान्याच्या हलगर्जीपणासाठी ग्राहक आयोग, तिथेही दोन वर्षं.

शेवटचं काम, हे या आठवड्यातच करा. मेहुण्यांच्या बँक पासबुकात दरवर्षी मे महिन्याच्या सुमारास २० रुपये कापले गेलेत का बघा. ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला दोन लाख. कळवायची मुदत फार थोडी असते, उशीर झालाच असेल तर कारण लिहून अर्ज द्याच. एटीएम कार्डावर किंवा पगाराच्या खात्यावर अपघात विमा आहे का तेही बँकेत लेखी विचारा. पीएफ कापला जात असेल तर त्याला जोडलेला विमा आणि विधवा पेन्शन वेगळं. यातला कुठलाही पैसा दाव्याच्या रकमेतून वजा होत नाही. एसटी महामंडळाविरुद्धच्या एका दाव्यात सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्येच आयुर्विम्यासारखे पैसे वजा करता येणार नाहीत असं ठरवलं आहे. फिर्याद आणि पंचनामा हातात आले की नावं आणि गाडीचे नंबर झाकून मजकूर इथे टाका, वाचून सांगतो.