मेक्सिकोतील तिग्रेस हा महिला फुटबॉल क्लब इतक्या थोड्या वर्षांत एवढा मोठा कसा झाला? आपल्याकडच्या क्लबांना ते का जमत नाही?

प्रश्नाखाली आपण एक वाक्य जोडले आहे : ‘महिलांचे सामने पाहायला लोकच येत नाहीत, मग क्लबने तरी काय करावे?’ ते वाक्य नसते तर मी उत्तर लिहायला बसले नसते. हेच वाक्य मी वयाच्या पंधराव्या वर्षी कोल्हापुरात आमच्या थोरल्या काकांच्या तोंडून ऐकले होते, आणि त्या वेळी माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हते.

कोल्हापूरचा फुटबॉल ज्यांना ठाऊक आहे त्यांना पेठापेठांतील ईर्ष्या समजावून सांगायला नको. काका एका तालमीच्या संघाचे कारभारी होते आणि घरातील सगळे पुतणे त्यांच्या हाताखाली खेळत. मी आणि शाळेतील दहा-बारा मुली भावांबरोबर खेळून तयार झालो होतो. आम्ही एवढीच मागणी केली की एका स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी, मैदान भरत असताना, आम्हांला अर्धा तास प्रदर्शनीय सामना खेळू द्यावा. आयोजक मंडळींनी नाही म्हटले नाही. त्यांनी आम्हांला मंगळवारी सकाळी सात वाजता, गावाबाहेरचे दुसरेच एक मैदान दिले आणि त्याची कुठे वाच्यता केली नाही. मी प्रेक्षक मोजले होते : चौदा, आणि त्यांतले दोघे दुधाच्या किटल्या घेऊन वाटेत थांबलेले. संध्याकाळी काका जेवताना म्हणाले, “बघितलंस? पोरींची मॅच बघाय कोण येतंय?” तो सामना म्हणजे त्यांच्या दृष्टीने पुरावाच झाला. पुढे दरवर्षी कोणीतरी मुलींचा विषय काढला की ते त्या चौदा माणसांचा दाखला देत असत.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, एका संगणक कंपनीच्या कामासाठी मी मॉन्तेरेला राहत असताना, मेक्सिकोत महिलांची व्यावसायिक लीग सुरू झाली. डिसेंबर २०१६ मध्ये घोषणा झाली आणि जुलै २०१७ मध्ये सोळा संघांनिशी खेळ सुरू झाला. तिचे वैशिष्ट्य असे की कोणी नवे क्लब काढले नाहीत. पुरुषांच्या पहिल्या श्रेणीत खेळणाऱ्या क्लबांनीच त्याच नावाचा, त्याच रंगाचा महिला संघ उभा करायचा, असे ठरले. प्रारंभी बहुतेक खेळाडू तेवीस वर्षांखालील आणि सगळ्या मेक्सिकन असाव्यात असा नियम होता. परदेशी खेळाडूंना २०२१ पासून मुभा मिळाली. योगायोग असा की आपली इंडियन विमेन्स लीगही २०१७ सालीच, जानेवारीत, दिल्लीत सहा संघांनिशी सुरू झाली आणि काही आठवड्यांत संपलीही. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या दोन वाक्यांच्या फरकात आहे असे माझे मत आहे.

मॉन्तेरे शहरात दोन मोठे क्लब आहेत. तिग्रेस हा नुएवो लेओनच्या स्वायत्त विद्यापीठाचा संघ आहे, त्याचे रंग पिवळा व निळा आहेत आणि त्याच्या मागे सेमेक्स या सिमेंट कंपनीचे बळ आहे. दुसरा क्लब मॉन्तेरे, ज्याच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमुळे पुरुषांना रेयादोस आणि मुलींना रेयादास म्हणतात. या दोघांच्या सामन्याला क्लासिको रेहिओ म्हणतात, आणि त्या आठवड्यात कचेरीत काम कमी व टोमणे अधिक चालतात. पेठांमध्ये वाढलेल्या मला त्या वातावरणात परके असे काही वाटलेच नाही. तिग्रेसने आपल्या मुलींसाठी केलेली पहिली गोष्ट म्हणजे त्यांना प्रशिक्षक म्हणून ओस्वाल्दो बातोक्लेती दिला. हा मूळचा अर्जेंटिनाचा बचावपटू १९७८ आणि १९८२ च्या विजेत्या पुरुष संघात खेळलेला, शहरातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी डोक्यावर घेतलेला माणूस. क्लबने मुलींकडे एखादा उमेदवारी करणारा प्रशिक्षक पाठवला असता तर लोकांनी काय ओळखायचे ते ओळखले असते. बातोक्लेतीला पाठवल्यावरही त्यांनी बरोबर ओळखले.

माझ्या कचेरीतील एका मैत्रिणीचे वडील सत्तरीचे होते आणि तिग्रेसच्या मैदानात, ज्याला तिकडे ‘वोल्कान’ म्हणजे ज्वालामुखी म्हणतात, त्यांची कित्येक वर्षांची ठरलेली खुर्ची होती. महिलांच्या लीगविषयी ते २०१७ मध्ये जे बोलत ते स्पॅनिशमध्ये होते इतकेच, बाकी शब्दन् शब्द आमच्या काकांचा होता. मात्र २०१८ च्या पूर्वार्धातील स्पर्धेच्या अंतिम फेरीत तिग्रेस आणि मॉन्तेरे समोरासमोर आले आणि म्हाताऱ्याची पंचाईत झाली. मुली खेळोत की मुलगे, रेयादोसच्या पट्ट्यांकडून हरणे त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते. पहिला सामना वोल्कानवर २-२ असा सुटला. परतीचा सामना ४ मे रोजी, रेयादासच्या मैदानावर होता, आणि त्यांनी आम्हां दोघींना फर्मावले की आपण जायचे.

ते मैदान एका बाजूने उघडे आहे आणि तिथून सेर्रो दे ला सिया, म्हणजे खोगिराच्या आकाराचा डोंगर, चित्रात मांडल्यासारखा दिसतो. आम्ही शत्रूच्या गोटात बसलो होतो. मैत्रिणीच्या वडिलांनी पांढऱ्या सदऱ्याच्या आत पिवळी जर्सी घातली होती, आणि मे महिन्यातील मॉन्तेरेच्या उकाड्यात तो पराक्रमच म्हणायला हवा. आमच्या पुढच्या रांगेत एक आजी, तिची मुलगी आणि सात-आठ वर्षांची नात अशा तिघी पट्ट्यांच्या जर्सीत होत्या. नातीच्या पाठीवर एका खेळाडूचे नाव होते, आणि ते नाव बाईचे आहे हे लक्षात यायला मला क्षणभर वेळ लागला याची मला नंतर लाज वाटली. सामना पुन्हा २-२ असा बरोबरीत आला. पेनल्टी सुरू झाल्यावर म्हातारबाबांनी पाहणे सोडून डोंगराकडे तोंड केले आणि प्रत्येक किकनंतर मैत्रिणीला विचारू लागले की काय झाले. तिग्रेस जिंकले. त्यांनी सदऱ्याची बटणे काढली, आजूबाजूच्या निळ्या-पांढऱ्या लोकांनी मनसोक्त शिव्या दिल्या, आणि त्या पुढच्या आजीने त्यांच्याशी अगदी गंभीरपणे वाद घातला की पंचाने एक फाऊल दिलाच नाही. त्या अर्ध्या तासात ‘मुलींचा खेळ’ असा शब्द कोणीही उच्चारला नाही.

पडद्यावर प्रेक्षकसंख्या झळकली होती : ५१,२११. महिलांच्या क्लब फुटबॉलच्या लीगमधील त्या वेळचा तो जागतिक उच्चांक होता. मी तो आकडा घरी येऊन कोल्हापूरला कळवला. काकांचे उत्तर आले, “तिकीट किती हुतं?”

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येते. तिग्रेस मोठे झाले याचे कारण केवळ पैसा असे अनेक जण लिहितात, आणि ते मला पटत नाही. पैसा मॉन्तेरेकडेही होता आणि मेक्सिको सिटीच्या ‘अमेरिका’ नावाच्या क्लबकडे तर होताच. तिग्रेसने एक गाभा धरून ठेवला : कर्णधार लिलियाना मेर्कादो, नान्सी अंतोनियो, गोल करण्याची अचूक नजर असलेली कात्ती मार्तीनेस, आणि १७-१८ वर्षांची असताना आलेली लिझबेथ ओवाये. आइसलंडमध्ये खेळून आलेली स्तेफानी मायोर २०२० मध्ये येऊन मिळाली. नंतर परदेशी मुली आल्या. अमेरिकन मिया फिशेल २०२२ च्या उत्तरार्धात सर्वाधिक गोल करून पुढे चेल्सीला गेली, आणि स्पेनची विश्वविजेती जेनी एर्मोसो पाचुका या मेक्सिकन क्लबमार्गे तिग्रेसमध्ये आली. वर्षाला दोन स्पर्धा होत असलेल्या या लीगमध्ये तिग्रेसने २०१८ पासून २०२३ पर्यंत दरवर्षी एक विजेतेपद घेतले. त्या काळात प्रशिक्षक अनेकदा बदलले तरी सवय बदलली नाही, आणि मोठे सामने खेळण्याची जागाही, म्हणजे वोल्कान, बदलली नाही. काकांशी माझा वाद आहे तो याच जागेवरून.

‘लोक आले तर आम्ही मैदान देऊ’ म्हणणाऱ्यांसाठी मेक्सिकोतीलच एक जुनी गोष्ट सांगते. १९७१ मध्ये तिथे महिलांची एक विश्वचषक स्पर्धा झाली, जिला फिफाची मान्यता नव्हती. डेन्मार्कने यजमान मेक्सिकोला अंतिम सामन्यात ३-० असे हरवले. तिन्ही गोल सुसाने आउगुस्तेसेन नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीचे, आणि आस्तेका मैदानात सुमारे १,१०,००० लोक. म्हणजे लोक आले होते. कोणी बोलावल्यावर जेवढे येऊ शकतात तेवढे आले होते. त्यानंतर फेडरेशनने काय केले? मोठ्या क्लबांची व्यावसायिक लीग उभी राहायला ४६ वर्षे लागली. मधल्या काळात मेक्सिकोतील कारभारीही खुशाल म्हणत असत की मुलींचे सामने पाहायला कोणी येत नाही. माझ्या पंधराव्या वर्षी मला ही गोष्ट माहीत असती तर काकांना जेवण गोड लागले नसते.

त्यामुळे आपल्याकडचा कोणताही क्लब ‘प्रतिसाद नाही’ असे सांगू लागला की मी प्रथम विचारते, सामना कोणत्या वारी होता, किती वाजता होता, कोणत्या मैदानावर होता आणि पुरुष संघाच्या फलकावर त्याची तारीख होती का. आपण ज्या क्लबाशी संबंधित आहात तिथे हे चार प्रश्न विचारून पाहावेत. चारांपैकी एकाचेही उत्तर ‘मंगळवारी सकाळी सात’ या जातीचे असेल तर प्रेक्षकांना दोष देऊ नये. कोल्हापुरात तर ईर्ष्या आयती तयार आहे. दोन पेठांच्या मुली त्याच जर्सीत, त्याच मैदानावर, पुरुषांच्या सामन्याआधी उतरल्या तर चौदाच माणसे येतील असे मला कोणी पैज लावून सांगावे.

काही गोष्टी मात्र कबूल करायला हव्यात, नाहीतर वरचे सारे भाबडे वाटेल. काकांचा तिकिटाचा प्रश्न अगदीच वेडा नव्हता : पुरुषांच्या अंतिम सामन्याच्या तुलनेत आमचे तिकीट किरकोळ दराचे होते, आणि त्या दरात पुरुषांच्या सामन्याला पार्किंगसुद्धा मिळाले नसते. शिवाय लीगचा प्रारंभ ज्या पायावर झाला तो लाजिरवाणा होता. मेक्सिकोच्या आर्थिक स्पर्धा आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये १७ क्लब, फुटबॉल फेडरेशन आणि काही व्यक्तींना मिळून १७ कोटी ७० लाख पेसोंहून अधिक दंड केला. आरोपांपैकी एक असा की क्लबांनी आपसांत ठरवून मुलींच्या पगारावर कमाल मर्यादा घातली होती : तेवीस वर्षांवरील खेळाडूला महिन्याला २,००० पेसो, त्याखालील मुलीला ५००, आणि सतरा वर्षांखालील मुलींना पगारच नाही, फक्त प्रवास, शिक्षण व जेवणाची मदत. ५०० पेसो म्हणजे त्या वेळचे पावणेदोन हजार रुपये. ज्यांच्यासाठी मी त्या रात्री ओरडत होते त्या मुलींपैकी कोणाला किती मिळत होते हे डोक्यात आले की तो ५१,२११ चा आकडा थोडा कडू होतो. तिसरी गोष्ट, पहिल्या आठ वर्षांत विजेतेपदे पाचच क्लबांमध्ये फिरली : तिग्रेस, मॉन्तेरे, ग्वादालाहारा, अमेरिका आणि पाचुका. बाकीच्या संघांच्या सामन्यांना आजही रिकाम्या खुर्च्या दिसतात, कारण नियमाने संघ काढायला लावता येतो, मन लावायला लावता येत नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे म्हणून एक आकडा देते. ओवायेला ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील ऑर्लँडो प्राइडने १५ लाख डॉलर, म्हणजे सुमारे १३ कोटी रुपये, देऊन तिग्रेसकडून विकत घेतले. महिला फुटबॉलमधील तोवरची ती सर्वांत मोठी बदली-रक्कम होती. हा पैसा आठ वर्षांनी आला हे लक्षात ठेवावे. क्लबने तिला पहिल्या दिवशी दिले ते मैदान आणि जर्सी.

त्याच वर्षी मार्चमध्ये तिने ग्वादालाहाराविरुद्ध एक गोल केला होता. चेंडू मागून आला, ती पुढे झेपावली आणि हवेत आडवी असताना पाठीमागून टाचेने तो जाळ्यात घातला. भावाने ती चित्रफीत घरच्या गटावर टाकली. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी ती नातवाकडून चार वेळा लावून घेतली आणि मला फोन केला. नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम प्रश्न : “ही पोरगी कुठल्या पेठेची म्हणायची?” मी म्हटले, पिवळ्या-निळ्यांची. त्यांना ती दुसऱ्या रंगाची असावी असे वाटत होते, आणि त्यावर आमची अर्धा तास जुंपली.