गर्दीच्या शहरात रोजच्या वस्तूंच्या फोटोतून एकटेपणा कसा दाखवायचा? त्यासाठी कुठली लेन्स घेऊ?

लेन्स घेऊ नका. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) २४ मिमीच्या आसपास ठेवा, भागतं. पैसे घालायचेच असतील तर ट्रायपॉड आणि ६ स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच, दर स्टॉपला प्रकाश निम्मा) घ्या.

एफ/१.८ लावायचं (लेन्सचं छिद्र मोठं उघडायचं), मागचं शहर पुसून टाकायचं आणि उरलेल्या छत्रीला ‘एकाकी’ म्हणायचं, हा प्रकार डोक्यात जातो. तो कॅटलॉगमधला फोटो झाला. छत्री एकटी पडायची तर तिच्याकडे न बघता जाणारी माणसं फ्रेममध्ये हवीतच.

समजा कठड्याला कुणाची तरी छत्री अडकून राहिली आहे. कॅमेरा छत्रीच्या उंचीवर आणा. आयएसओ १००, एफ/८, शटर अर्धा सेकंद. १/१२५ वर माणसांचे चेहरे स्पष्ट येतात आणि नजर तिकडेच पळते. अर्ध्या सेकंदाला अंग फराटून जातं, पण जमिनीवर टेकलेलं पाऊल बऱ्यापैकी ठसठशीत राहतं. हे पाऊलच कामाचं. माणूस इथून गेला, थांबला नाही, हे त्यातून कळतं.

ढगाळ दुपारी एफ/८ ला १/१२५ येत असेल तर ६ स्टॉपने बरोबर अर्धा सेकंद मिळतो. १० स्टॉपचा लावलात की ८ सेकंद होतात आणि चालती माणसं जवळजवळ गायब. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या फ्रेंच दागेरने १८३८ मध्ये पॅरिसचा वर्दळीचा रस्ता टिपला तेव्हा हेच झालं: एक्स्पोजर काही मिनिटांचं, रस्ता ओस, आणि ओळखू येतो तो बूट पॉलिश करून घेत उभा राहिलेला एक माणूस. ओस रस्ता हवा असेल तर पहाटे उठा, फिल्टर कशाला!

फोकस आधी करून मॅन्युअलवर टाका, २ सेकंदांचा टायमर लावा, स्टॅबिलायझेशन बंद ठेवा. खरा घोळ वाऱ्याने होतो. छत्रीच हलली की फोटो फुकट, म्हणून वीसेक फ्रेम काढा. पादचारी पुलावर असाल तर मधोमध उभे राहू नका, तिथे प्रत्येक पावलाला पूल थरथरतो, खांबाजवळ या.

आणि ब्लॅक अँड व्हाइट केलं की भाव आपोआप उतरतो म्हणणाऱ्यांनी एकदा संध्याकाळी व्हाइट बॅलन्स (फोटोची रंगछटा ठरवणारं सेटिंग) ५५०० केल्विनवर पक्का करून बघावं. सावलीतली वस्तू निळी पडते, मागचे दिवे पिवळे राहतात. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा नेमका हाच फरक मारून टाकतो. हां, मागे भडक जाहिरातींचे फलकच फलक असतील तर रंग काढलेले बरे, एवढं मान्य.

मोबाइलवर लाँग एक्स्पोजरचं ॲप चालेल, नाइट मोड नको. तो हललेली माणसंही सावरायला जातो. ट्रायपॉडचे पाय येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत पसरू नका.