भोसरीतले 14 ड्रम आणि नियम 8

भोसरीत पावडर कोटिंगचा शेड चालवणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. फॉस्फेटिंगच्या (कोटिंगआधी धातूवर फॉस्फेटचा थर देण्याच्या) टाकीतला गाळ भरलेले 14 ड्रम प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांना विनालेबल सापडले. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम 5 खाली ‘कारखाना बंद का करू नये’ अशी नोटीस आली. शेजारच्या शेडमध्येही असेच ड्रम होते, त्याला मात्र नुसती ताकीद मिळाली. ‘हा भेदभाव टिकेल का?’ असं ते विचारतात. चाकण, तळवड्याहूनही अशीच पत्रं येतात.

शेजाऱ्याला सोडलं म्हणून मलाही सोडा, हा मुद्दा एकटा उभा राहत नाही. चुकीच्या सवलतीत समानता मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं वारंवार सांगितलं आहे.

सगळं अडतं ते 2016च्या घातक कचरा नियमांतल्या नियम 8 वर. गाळ आवारात जास्तीत जास्त 90 दिवस ठेवता येतो आणि त्याची नोंद तपासणीला दाखवावी लागते. नोंद असेल तर तुमचं उल्लंघन ‘मुदतीबाहेर साठवण’ एवढ्यावर थांबू शकतं. नोंद नसेल तर आधीचा गाळ गेला कुठे, असा प्रश्न येतो आणि प्रकरण बेकायदा विल्हेवाटीकडे सरकतं. शेजाऱ्याकडे रजिस्टर आणि रांजणगावच्या विल्हेवाट केंद्राची मॅनिफेस्ट (कचरा पाठवल्याची कागदपत्रं) होती का, हे आधी विचारा. दोघांचे कागद सारखे असतील, तरच वेगळ्या वागणुकीची कारणं मंडळाकडे मागण्यात अर्थ आहे.

वर्षाला 10 टनांपर्यंत कचरा निघणाऱ्याला मंडळ 180 दिवसांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकतं. एका अर्जाचं काम होतं. तीन वर्षांत तो अर्ज तुम्ही केला नाहीत, याची मला खरोखर चीड येते.

पत्रात तुम्ही सहज लिहिलंय, ‘रिकामे कॅन भंगारवाल्याला दिले, त्यात विषारी काय?’ घातक रसायनं लागलेले रिकामे डबे याच नियमांच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे घातक कचऱ्याच्या यादीत, 33.1 ला आहेत आणि फॉस्फेटचा गाळ 12.5 ला. तुमचं ते वाक्य मंडळाला दिलेल्या उत्तरात गेलं, तर साठवणुकीच्या जोडीला बेकायदा विक्रीही तुम्हीच कबूल कराल. पण कुणी विचारलं, तर खोटंही बोलू नका.

नोटिशीवर आक्षेपाला 15 दिवस असतात, तुमचे 9 गेले. मागच्या तारखा टाकून रजिस्टर लिहायला बसू नका, ते शाईवरूनसुद्धा कळतं. रसायनांची खरेदीबिलं, जॉबवर्कची चलनं आणि टाकी साफ केल्याच्या तारखा काढा. त्यांवरून गाळाचा हिशेब मांडा, ड्रम काट्यावर तोलून पावती जोडा. ड्रम हलवण्याआधी मंडळाला लेखी कळवा, नाहीतर पुरावा हलवला असं म्हणतील.

1 एप्रिल 2024 पासून पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम 15 मधल्या तुरुंगवासाच्या जागी 10 हजार ते 15 लाखांचा दंड आला. पर्यावरणाच्या हानीची भरपाई वेगळी. तुमच्या वाट्याला किती येईल, हे कागद पाहिल्याशिवाय सांगणार नाही.

बंदचा आदेश आलाच, तर पुण्यातल्या हरित न्यायाधिकरणात अपिलाला 30 दिवस. सबळ कारण असेल तर आणखी 60, त्यानंतर दार बंद. आदेश कोणत्या तारखेला हातात पडला, ते पाकिटासकट जपून ठेवा.