डोळ्यातून पाणी येतंय, तरी डोळा कोरडा?

प्रश्न : डॉक्टर, मी आयटीत आहे, दिवसभर स्क्रीन आणि वर एसी. डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, संध्याकाळी तर घळाघळा पाणी येतं आणि तरी चष्म्याच्या दुकानात म्हणाले ड्राय आय आहे. हे कसं काय? मैत्रीण म्हणते ओमेगा थ्रीच्या कॅप्सूल चालू कर. करू का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : ताई, अश्रूंवर तेलाचा एक पातळ थर असतो, तो पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींमधून येतो. आपण स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतो आणि बऱ्याचदा अर्धवटच मिटतो, मग ते तेल नीट पसरत नाही, अश्रू पटकन उडून जातात, डोळा चुरचुरतो आणि त्या चुरचुरीमुळे एकदम पाणी सुटतं. पण ते पाणी टिकत नाही, गालावर ओघळून जातं.

आधी तपासणी करून घ्या. डोळ्यात पिवळा रंग लावून निळ्या उजेडात बघतात, पापणी मिटल्यावर किती सेकंदांत त्या रंगाच्या थरात काळे डाग दिसायला लागतात ते मोजतात, 10 सेकंदांच्या आत दिसले तर थर टिकत नाहीये असं समजायचं. दुसरी शर्मर टेस्ट, खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून 5 मिनिटांत ती किती ओली होते ते बघतात, 5 मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे पाणीच कमी बनतंय. दोन्हींची ट्रीटमेंट एकसारखी नसते, म्हणून तर टेस्ट करायची.

कॅप्सूलचं म्हणाल तर 2018 साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, 535 पेशंट, काहींना वर्षभर रोज 3000 मिलिग्रॅम ओमेगा थ्री दिलं, बाकीच्यांना तुलनेसाठी ऑलिव्ह ऑइल. बरं दोघांनाही वाटलं, जवळपास सारखंच! त्यामुळे त्यावर पैसे घालवा असं मी तरी सांगणार नाही. त्यापेक्षा गरम शेक, मुद्दाम पूर्ण पापणी मिटायची सवय, आणि डोळा ओला ठेवणारे ड्रॉप्स वारंवार घालावे लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले. तोंडही सारखं कोरडं पडत असेल किंवा सांधे दुखत असतील तर ते डॉक्टरांना नक्की सांगा.

प्रश्न : सासऱ्यांच्या डोळ्याला ऊस तोडताना पात लागली. मेडिकलवाल्यानं ड्रॉप दिला, दोन दिवस बरं वाटलं, आता डोळा लालभडक आहे, उजेड सहन होत नाही आणि बुबुळावर पांढरा ठिपका आलाय. शेजारचे म्हणतात फूल पडलं. तोच ड्रॉप चालू ठेवू का?
— एक वाचक, ता. शिरोळ

उत्तर : नाही, तो आता अजिबात घालू नका आणि हे वाचलं की त्यांना घेऊन डोळ्यांच्या हॉस्पिटलला निघा, उद्यावर टाकू नका. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असं काही लिहिलंय का बघा, ही स्टिरॉइडं आहेत. यांनी लाली आणि दुखणं दबतं म्हणून बरं वाटतं, पण पात लागून झालेल्या जखमेत बुरशी शिरलेली असू शकते आणि स्टिरॉइडमुळे ती आणखी फोफावते. बाटली सोबत न्या.

तिथे भुलीचा थेंब टाकून जखमेच्या कडेचं किंचित खरवडून काचेवर घेतात, मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे बऱ्याचदा त्याच दिवशी दिसतात. खरवडणार म्हटल्यावर लोक घाबरतात, कृपा करून नाही म्हणू नका, बुरशी की बॅक्टेरिया हे त्यावरूनच कळतं आणि दोघांची औषधं पूर्ण वेगळी.

बुरशी निघाली तर बहुतेक नाटामायसिन देतील. जुनं औषध आहे, पण मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलच्या पुढाकाराने 323 पेशंटवर त्याची नव्या व्होरिकोनाझोलशी तुलना झाली, 2013 साली निकाल आला आणि जुनंच सरस ठरलं, फ्युजेरियम नावाच्या बुरशीत तर खूपच. बाटली प्रत्येक वेळी हलवायची, औषध तळाशी बसतं. सुरुवातीला जागेपणी तासातासाला घालावं लागतं, म्हणजे घरातल्या कुणाला तरी शेतावर न जाता त्यांच्याजवळ थांबावं लागेल. बरं व्हायला काही आठवडे लागतात, डाग राहिला आणि त्यामुळे नीट दिसेनासं झालं तर पुढे नेत्रदानातून मिळालेलं बुबुळ बसवता येतं. तोवर मध, दूध, गुलाबपाणी काहीही डोळ्यात घालू देऊ नका.