घरचं रान असताना परक्या गावात कशाला?

प्रश्न : ताई, लेक बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आता वर्ग सोडून 'रावे'साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, खेड्यात जायचं म्हणते. आम्ही शेतकरीच, शेती तर ती जन्मापासून बघतेय. मग हे कशासाठी?
– एक पालक, जि. सातारा

उत्तर : दादा, तिला जाऊ द्या. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांत ग्रामीण कृषी कार्यानुभव असतो, आणि मी स्वतः तो केलाय. घरच्या रानात चुकलं की वडील सावरतात. परक्या बांधावर उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

परीक्षेत मी एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीवरचं औषध, बिनचूक लिहिलं होतं : एक किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), एक किलो चुना, १०० लिटर पाणी. द्राक्षबागेत काकांनी विचारलं, "पोरी, माझ्या १५ लिटरच्या पंपाला किती?" मी गडबडले. दीडशे-दीडशे ग्रॅम, एवढं साधं! शिवाय चुना जुना निघाला. काकांनी मिश्रणात विळा बुडवला, पात्यावर तांबूस थर चढला. म्हणजे तांबं मोकळं राहिलेलं. तसंच फवारलं असतं तर पानं करपली असती. चुन्याची निवळी वाढवली, विळा स्वच्छ निघाला, मगच फवारणी. ती विळ्याची परीक्षा पुस्तकातही होती. हाताला कळली त्या दिवशी.

लेकीला एवढं सांगा : यजमान शेतकऱ्याच्या एका पिकाचा पूर्ण हिशेब वहीत उतरव, मजुरी, वाहतूक, हमाली, तोलाईसकट. नोकरीच्या मुलाखतीला ती वही बरोबर ने.