राउटर नंतर, आधी धुळीचं बघ

लाकूड कापायला टेबल सॉ घेतलास, छान. राउटरचे (लाकडात खाचा पाडायच्या यंत्राचे) पैसे मात्र थोडे थांबव आणि आधी धूळ ओढायची सोय कर. खाली पडणारा भुसा झाडूने जातो, त्याचं काही नाही. छळते ती डोळ्यांना न दिसणारी, 10 मायक्रॉनहून बारीक धूळ. तासन्‌तास तरंगते आणि फुफ्फुसात उतरते. लाकडाची धूळ कर्करोगकारक, हे आयएआरसीने, म्हणजे डब्ल्यूएचओच्या कर्करोग संशोधन संस्थेने, 1995 सालीच नोंदवलंय.

ऐरोलीतला माझा कारखाना म्हणजे 10 बाय 8 ची खोली. सुरुवातीला घरचाच व्हॅक्यूम सँडरला (लाकूड घासायच्या यंत्राला) जोडला. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक लगदा दाबून केलेला बोर्ड, घासत होतो. थोड्याच वेळात फिल्टरवर कणकेसारखा थर, ओढ संपली, मोटर तापली. (बायको काय म्हणाली ते सोड.) मग मध्ये सायक्लोन (भुसा वेगळा काढणारं नरसाळं) आणि त्याखाली घट्ट झाकणाची बादली बसवली. हवा आत गोल फिरते, भुसा कडेला आपटून बादलीत पडतो, फिल्टरपर्यंत फारच थोडा पोचतो. फक्त झाकणाला फट राहिली तर मुसळ केरात.

प्लॅनरला, म्हणजे रंधा मारायच्या यंत्राला, हे पुरत नाही. तिथे हवा भरपूर ओढणारा, 4 इंची पाइपवाला डस्ट कलेक्टरच हवा. पाइप आखूड, वळणं कमी.

एन95 मास्क तरीही लाव. पावसाळ्यात बादली भरून ठेवू नकोस, भुसा बुरसतो. आणि एक्झॉस्ट खालच्या काकूंच्या गच्चीकडे काढू नकोस. मी काढला होता. कुरडया धुता येत नाहीत.